गावाचे जुने वृत्तपत्र हाती लागले, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. वाचनालयाच्या माळ्यावर, एखाद्या वकिलाच्या जुन्या दप्तरात किंवा देवळाच्या कोठीत एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक पत्राचे अंक सापडतात. ते जपायचे कसे, वाचायचे कसे आणि त्यांतून गावाचा आरंभीचा इतिहास कितपत काढता येतो, असे हे प्रश्न आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या साप्ताहिकाचा पहिला अंक कुणाकडेच नाही. सर्वांत जुना अंक ‘पुस्तक ९, अंक १४’ असा आहे. वार सोमवार, तारीख ५ एप्रिल १८७५. स्मरणिकेत आरंभाची तारीख छापायची आहे. ती यावरून काढता येईल का?

अंदाज काढता येईल, तारीख नाही. आधी हिशेब पाहू. (‘पुस्तक’ म्हणजे साधारण एका वर्षाच्या अंकांचा संच.) चौदाव्या अंकाच्या आधी तेरा आठवडे, म्हणजे ९१ दिवस मागे गेले की ४ जानेवारी १८७५ येते आणि त्या दिवशीही सोमवारच होता. म्हणजे नवव्या पुस्तकाचा पहिला अंक वर्षाच्या पहिल्या सोमवारी निघाला. इथवरचा भाग बराच भरवशाचा आहे.

घोटाळा पुढे होतो. दर पुस्तकात नेमके ५२ अंक धरून आठ पुस्तके मागे गेलात तर १४ जानेवारी १८६७ ही तारीख येते. दरसाल जानेवारीच्या पहिल्या सोमवारी नवे पुस्तक सुरू होत असे, असे धरले तर ७ जानेवारी १८६७. एकाच अंकावरून दोन तारखा निघाल्या आणि दोन्ही चुकीच्या असू शकतात. दिवाळीला किंवा शिमग्याला अंक बंद ठेवण्याची पद्धत असेल तर वर्षाचे अंक ५० किंवा ५१ होतात. छापखाना बदलताना पत्र चार-सहा महिने बंद राहिले असेल तर काही संपादक पुस्तकाचा आकडा तोडत नसत, काही तोडत. मालक बदलल्यावर ‘पुस्तक १’ पासून नव्याने मोजणारेही होते. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या वर्षांचे अंक मिळवून तिन्हींवरून मागे मोजा. तिन्ही हिशेब एकाच महिन्यात येऊन पडले तर ‘१८६७ च्या जानेवारीच्या सुमारास’ असे छापायला हरकत नाही. दिवस मात्र छापू नका. स्मरणिकेत एकदा छापलेली तारीख पुढे पन्नास वर्षे सगळे उतरवून घेतात.

याला जोड हवी ती सरकारी कागदाची. १८६७ च्या २५ व्या कायद्याने मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे, आणि प्रत्येक प्रतीवर मुद्रकाचे नाव व छापण्याचे ठिकाण द्यावे लागे. शेवटच्या पानाच्या तळाशी ‘हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून प्रसिद्ध केले’ अशी जी बारीक ओळ असते ती या कायद्यामुळे. ही ओळ दरवर्षीच्या निदान एका अंकातून उतरवून घ्या. छापखाना कधी हलला, मालकी कधी बदलली, वडिलांच्या जागी मुलाचे नाव कधी आले, हे त्या एका ओळीतून कळते. पत्राचा सगळा संसारच तिच्यात असतो.

प्रश्न : अंकांवर इंग्रजी तारीख नाही, फक्त तिथी आणि शक आहे. शकात ७८ मिळवले की झाले ना?

नेहमी नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. सर्वांत जास्त चुका पौषात होतात, कारण हा महिना बहुधा दोन इंग्रजी वर्षांवर पसरलेला असतो. शके १७९८ चाच पौष घ्या. त्याचा शुद्ध पक्ष १८७६ च्या डिसेंबरात पडतो आणि वद्य पक्षाची अखेर १८७७ च्या जानेवारीत. दुष्काळाच्या ऐन दिवसांतले हे अंक आहेत. बातमी एका वर्षाने मागेपुढे झाली तर दुष्काळाचा सगळा क्रमच बिघडतो.

शकाचा आकडा फाटला किंवा पुसला असेल तर संवत्सराचे नाव कामाला येते. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७९८ अधिक १२ म्हणजे १८१०, बाकी १०, आणि प्रभवापासून दहावा संवत्सर धाता. (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.) तेच नाव साठ वर्षांनी, शके १८५८ मध्ये पुन्हा येते, पण १८७६ चा कागद आणि १९३६ चा कागद यांत गल्लत होण्याचा संभव फार कमी.

शेवटचा ताळा वाराचा. शीर्षपट्टीवर तिथीबरोबर वार छापलेला असतो. जंत्रीत, म्हणजे तिथी आणि तारखा समोरासमोर देणाऱ्या तक्त्यांच्या पुस्तकात, तिथीसमोरची तारीख काढा आणि वार जुळतो का पाहा. मोडकांची जंत्री या काळासाठी सोयीची आहे. वार एकाने चुकला तर तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल, किंवा गावचे पंचांग वेगळे असेल. दोनतीन वारांचा फरक पडला तर महिना अधिक आहे की निज, हे पुन्हा तपासा. महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा धरायचा, हे सांगायला नको.

प्रश्न : शेवटच्या पानावर ‘बाजारभाव’ या सदरात ‘जोंधळे २०, गहू १२’ असे नुसते आकडे आहेत. हे रुपये आहेत का?

नाहीत. हे रुपयाला मिळणारे शेर आहेत. मोठा आकडा म्हणजे स्वस्ताई, लहान आकडा म्हणजे महागाई. हे ध्यानात न घेता केलेले आलेख नेमके उलटे येतात. दुष्काळात भाव ‘कोसळले’ आणि सुगीत ‘भडकले’ असे त्यांत दिसते.

दुसरी चूक सरासरीची. ४० शेरी मण धरा. रुपयाला २० शेर म्हणजे मणाला २ रुपये. १० शेर म्हणजे ४ रुपये. दोन्ही किमतींची सरासरी ३ रुपये. पण २० आणि १० या आकड्यांचीच सरासरी काढलीत तर १५ शेर येते आणि त्याने मणाचा भाव २ रुपये १०॥ आण्यांच्या आसपास दिसतो. म्हणून प्रत्येक आकडा आधी मणाच्या किमतीत आणा, मग सरासरी काढा. हाच न्याय वाढीला. २० चे १५ शेर झाले म्हणजे आकडा पावपट उतरला, पण किंमत एकतृतीयांशाने चढली.

तिसरी अडचण शेराची. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ९३३ ग्रॅम. पण धान्य बहुतेक ठिकाणी मापाने विकले जाई. चार शेरांची पायली सर्वत्र ओळखीची आहे, पण मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ पायल्यांचा. शिवाय एक मापी शेर जोंधळा आणि एक मापी शेर डाळ यांचे वजन वेगळे. त्यामुळे दोन गावांचे भाव एकमेकांशी ताडून पाहण्यापूर्वी दोन्हीकडची मापे शोधावी लागतात. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरात व्यापार आणि भांडवल या विषयांच्या प्रकरणांत मापांची माहिती मिळते. एकाच गावाचे भाव वर्षानुवर्षे पाहायचे असतील तर एवढी अडचण येत नाही.

उतरवून घेताना दांडीच्या खुणा सांभाळा. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. संगणकावर टंकणारा माणूस नवखा असेल तर ४॥ चे सरळ ४११ होते. मराठवाड्यातला कागद असेल तर रुपया हाली (निजामाचा) आहे की कलदार (इंग्रज सरकारचा), हेही पाहायला हवे. दोन्हींची किंमत सारखी नव्हती.

या सदराबद्दल एवढे लिहायचे कारण असे की गावाच्या इतिहासाला त्याच्याइतका सच्चा साक्षीदार नाही. अग्रलेखात संपादकाचे मत असते. बाजारभाव मात्र बाजाराला आलेल्या शेकडो लोकांना ठाऊक असे, त्यामुळे खोटा भाव छापला तर दुसऱ्याच दिवशी बोभाटा होई. लिलावाच्या नोटिसा, कोर्टाच्या जाहिराती, ‘वर्गणी पोहोचली’ म्हणून छापलेली नावे, औषधांच्या आणि पुस्तकांच्या जाहिराती यांनाही तेच लागू आहे. गाव त्या शेवटच्या पानावर सापडते.

प्रश्न : आमच्या गावी पूर्वी पत्र निघत असे एवढे ऐकून आहोत, पण एकही अंक शिल्लक नाही. मग इतिहास संपला का?

मुळीच नाही. अंक गेले तरी त्यांच्या सावल्या बऱ्याच ठिकाणी पडलेल्या असतात.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरपासून करा. कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या खंडांत स्थानिक वृत्तपत्रांची नोंद ‘स्थळे’ या प्रकरणात शोधून अनेकजण निराश होतात. ती शिक्षणाच्या प्रकरणाच्या शेवटाकडे, वाचनालयांच्या जवळ असते. रत्नागिरीचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, सोलापूर आणि नगर १८८४ चे, सातारा आणि पुणे १८८५ चे, कोल्हापूर १८८६ चा. त्या वर्षी चालू असलेल्या पत्रांचाच मागोवा तिथे घ्यावा, आधी बंद पडलेल्यांचा नव्हे.

त्यानंतर मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल. सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला इलाख्यातली पत्रे वाचून निवडक मजकुराचा इंग्रजी गोषवारा करीत. पुढच्या काळातल्या अहवालांना पत्रांची यादी जोडलेली असे. तीत प्रकाशनाचे ठिकाण, संपादकाचे नाव, जात, वय आणि खप. मूळ अंक नाहीसा झालेल्या कितीतरी पत्रांबद्दल आज आपल्याला जे कळते ते या यादीमुळे. मात्र दोन गोष्टी ध्यानात असू द्या. खपाचा आकडा कुणी मोजलेला नाही, सांगितलेला आहे. आणि गोषवाऱ्यात सरकारला टोचलेला मजकूरच प्रामुख्याने येतो. त्यावरून पत्र सदासर्वदा सरकारवर तुटून पडत होते असे वाटेल. पण त्याच अंकातल्या मुंजी, पाऊस आणि गटाराच्या तक्रारी भाषांतरकाराने गाळलेल्या असतात.

हे अहवाल मुंबईच्या राज्य अभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत पाहता येतात. पुराभिलेख विभागाची पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही दप्तरे आहेत. आपले गाव त्या काळी कुणाच्या अमलाखाली होते हे आधी ठरवा. खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलुखातले असेल तर मुंबई आणि पुणे. संस्थानातले असेल तर त्या संस्थानाचे दप्तर आणि पोलिटिकल एजंटाचा पत्रव्यवहार. वऱ्हाड-नागपुराकडचे असेल तर नागपूर. सांगली, मिरज, फलटण, औंध अशा गावांसाठी इलाख्याच्या कागदांत वर्षभर शोध घेऊन हात रिकामे राहतात. मूळ कागद दुसऱ्याच दप्तरात असतो.

तिसरी जागा म्हणजे शेजारगावची पत्रे. संपादक एकमेकांना आपले अंक मोबदल्यात पाठवीत आणि एकमेकांचा मजकूर नावासह उचलीत. साताऱ्याचे ‘शुभसूचक’ १८५८ चे, ठाण्याचे ‘अरुणोदय’ १८६६ चे, रत्नागिरीला ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’. पुण्याच्या ‘ज्ञानप्रकाशा’चा आरंभ तर १८४९ चा. अशा टिकलेल्या पत्रांत आपल्या गावाच्या नावाखाली शोध घ्या. नवे पत्र निघाले की इतर पत्रे त्याची पोच देत आणि पहिल्या अंकाबद्दल चार ओळी लिहीत. आरंभाच्या तारखेचा भरवशाचा पुरावा पुष्कळदा तिथेच मिळतो.

आणि कोर्ट. १८९७ साली इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. निमित्त होते कॅनडाचा दाखला देऊन स्वातंत्र्याच्या तयारीविषयी लिहिलेल्या लेखाचे. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे गेले आणि त्याचा निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या २२ व्या खंडात छापलेला आहे. एका तालुक्याच्या गावातल्या पत्राचा लेख अशा रीतीने देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. वाईच्या ‘मोदवृत्ता’वरही त्याच वर्षी खटला झाला. दिवाणी दाव्यांच्या फायलींतही पाहा. नोटीस प्रसिद्ध केल्याचा पुरावा म्हणून वृत्तपत्राचा अंक किंवा कात्रण जोडण्याची पद्धत होती.

वाचनालयांपैकी रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. पत्र लिहून विचारण्यापेक्षा स्वतः जाऊन जुनी नोंदवही मागा. यादीत ‘किरकोळ नियतकालिके’ एवढेच लिहिलेल्या गठ्ठ्यांत काय आहे ते गठ्ठा सोडल्यावरच कळते.

प्रश्न : गठ्ठा मिळाला आहे, पण कागद हात लावताच तुटतो. मोबाइलने फोटो काढून ठेवले तर चालतील का?

चालतील, नीट काढले तर. आधी कागदाबद्दल. चिंध्यांपासून केलेला जुना कागद बराच टिकतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे १८६० चा अंक धड आणि १९१० च्या अंकाचे तुकडे, असे उलटे दृश्य दिसले तर नवल वाटू नये.

घडी घातलेला ठिसूळ अंक कोरडा असताना उलगडू नका, तो घडीवरच तुटतो. तेवढे काम कागद-संवर्धकाकडून करून घ्या. बाकीच्या अंकांवरची धूळ मऊ रुंद कुंचल्याने मधून कडेकडे झाडा. हातमोजे नकोत. त्यांनी बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि कोपरे तुटतात. हात धुऊन कोरडे करा. चिकटपट्टी, लॅमिनेशन, डिंक आणि पेन यांतले काहीही अंकाजवळ आणू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो आणि मग निघत नाही. अंक आडवे ठेवा, उभे नकोत. दोरीने आवळू नका, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवून रुंद सुती फितीने सैल बांधा. कसर दिसली तर तो गठ्ठा लगेच पिशवीत बंद करून वेगळा ठेवा आणि कीटकनाशक पूड थेट कागदावर टाकू नका.

आता फोटो. ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पान इंचाला ३०० बिंदू या दराने टिपायचे तर सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनने अख्खे पान एका फोटोत घेतले की दर सव्वादोनशेच्या आसपास उतरतो. मग जोडाक्षरे आणि अपूर्णांकाच्या दांड्या वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पानाचे तीन फोटो काढा. एक अख्ख्या पानाचा, मग वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, मध्ये दोनतीन सेंटिमीटर मजकूर दोन्हींत येईल असे. फ्लॅश बंद. खिडकीचा सौम्य उजेड किंवा दोन बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे. फोन पानाला समांतर राहावा म्हणून स्टँड वापरा, हातात धरून दोनशे पाने नीट येत नाहीत. कडेला मोजपट्टी ठेवा. शीर्षपट्टी आणि तळची मुद्रकाची ओळ छाटू नका. कोरे पानसुद्धा टिपा, नाहीतर पुढच्या माणसाला ते हरवले असे वाटेल.

फायलीचे नाव वर्ष, महिना, दिवस, पान या क्रमाने द्या. त्यामुळे संगणक त्या आपोआप तारखेनुसार लावतो. मूळ फोटो तसेच ठेवून उजळवणे, सरळ करणे हे सगळे प्रतीवर करा.

प्रश्न : अंक शिळाप्रेसवरचा की खिळ्यांचा, हे कसे ओळखावे? आणि त्याने काय फरक पडतो?

शिळाप्रेस म्हणजे दगडावरून होणारी छपाई, खिळे म्हणजे जुळवायचे धातूचे सुटे ठसे. एकाच पानावरचे पाचसहा ‘क’ भिंगाखाली पाहा. खिळ्यांच्या छपाईत ते एकाच साच्यातले असतात, शिरोरेषा दोन खिळ्यांच्या सांध्यावर किंचित तुटलेली दिसते आणि पानामागे बोट फिरवले तर उठाव लागतो. शिळाछापात प्रत्येक ‘क’ हाताचा, शिरोरेषा सलग, मागची बाजू सपाट. लेखक स्निग्ध शाईने कागदावर लिही आणि ते लेखन दगडावर उतरवीत. देवनागरी जुळणीला जोडाक्षरांमुळे शेकडो खण लागतात आणि खिळ्यांचा पुरता संच महाग. त्या खर्चापेक्षा एक दगड आणि एक सुलेखक लहान गावाला परवडे.

फरक पडतो तो बातमीच्या वेळेत. खिळे थोडे असले की चारही पाने एकदम जुळवता येत नसत. बहुधा पहिले आणि चौथे पान आधी छापून, खिळे सोडवून मग आतली दोन पाने जुळवीत. म्हणून सर्वांत ताजी बातमी पहिल्या पानावर न शोधता दुसऱ्या-तिसऱ्यावर शोधावी. एकाच अंकात पहिल्या पानावर ‘पावसाने ओढ दिली आहे’ आणि तिसऱ्यावर ‘काल चांगला पाऊस झाला’ असे आढळले तर संपादकाला दोष देऊ नका. मधे दोनतीन दिवस गेलेले असतात.

प्रश्न : संपादकाने लिहिलेला ‘आमच्या गावाचा इतिहास’ त्या पत्रात क्रमशः आला आहे. त्यात गाव सातशे वर्षांपूर्वीचे म्हटले आहे. तो प्रमाण मानावा का?

त्या काळचे लोक गावाबद्दल काय मानीत, याला तो उत्तम पुरावा आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या घटनेला नाही. गावाचा पहिला उल्लेख आणि गावाची स्थापना या दोन गोष्टी वेगळ्या. मौजे (खेडे), कसबा (परगण्याचे मुख्य गाव) आणि पेठ (बाजाराची वस्ती) यांतही फरक करा. पुष्कळ गावांत कसबा जुना आणि पेठ नंतर वसवलेली. पेठ वसवताना शेटे-महाजनांना, म्हणजे बाजाराच्या प्रमुखांना, कौल (सवलतींचा सरकारी लेख) दिला जाई आणि काही वर्षे कर माफ किंवा कमी असे. असा कौल मिळाला तर निदान पेठेच्या आरंभाचे साल पक्के ठरते. तो पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा वतनदारांच्या घरी, मोडीत असणार. मोडी वाचणारा माणूस आधी गाठा.

नगरपालिकेच्या स्थापनेबाबतही हाच गोंधळ. १८५० च्या २६ व्या कायद्याखाली, १८७३ च्या मुंबईच्या कायद्याखाली आणि निवडून दिलेले सभासद आणणाऱ्या १८८४ च्या कायद्याखाली अशी तीन साले एकाच गावाला सांगता येतात. कोणते साल कशाचे, हे स्पष्ट लिहा.

प्रश्न : पत्रात खालच्या मानल्या गेलेल्या वस्त्यांबद्दल जवळपास काहीच नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

संपादक, बातमीदार आणि वर्गणीदार बहुतांशी एकाच थरातले होते, हाच अर्थ. पाण्याच्या नळाची बातमी येते, पण नळ कोणत्या आळीपर्यंत आला नाही हे येत नाही. ही उणीव त्याच पत्रातून भरून निघणार नाही, बाहेर जावे लागेल. १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ गावोगावच्या सत्यशोधक मंडळींचा मजकूर छापीत असे. १९१० पासून मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ तर खेड्यातूनच निघाले आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या तरवडीहून चालले. शेतकरी, सावकार, कुलकर्णी, भटजी यांच्याकडे त्याने दुसऱ्या बाजूने पाहिले. गावचे पत्र आणि ‘दीनमित्र’ यांचे एकाच वर्षाचे अंक शेजारी ठेवून वाचा. त्याखेरीज नगरपालिकेची ठरावबुके, शाळेचे दाखलारजिस्टर आणि १८७२ पासूनच्या खानेसुमारीचे तक्ते पाहा.

गप्प बसण्याचे आणखी एक कारण कायदा. १८७८ ते १८८२ या काळात देशी भाषांतल्या पत्रांकडून मॅजिस्ट्रेट जातमुचलका आणि अनामत मागू शके आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद नव्हती. त्या चार वर्षांत पत्र एकदम मवाळ झालेले दिसले तर संपादकाचे मत बदलले असे लगेच लिहू नका.

प्रश्न : जुने लेख पुन्हा छापायला परवानगी लागते का?

भारतीय कायद्याप्रमाणे नावानिशी आलेल्या लेखाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि निनावी किंवा टोपणनावाच्या लेखाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. टोपणनावामागचा लेखक त्या मुदतीत उघड झालेला असेल तर पहिला नियम लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या स्फुटांना अडचण नाही. विसाव्या शतकातल्या नावानिशी लेखांना मात्र लेखकाचे मृत्युवर्ष शोधावेच लागेल.

प्रश्न : दोनशे अंक आहेत. सूची करायला कुठून लागावे?

पहिल्या अंकापासून सलग वाचत निघालात तर तिसाव्या अंकाला दमाल. आधी दोनशेही अंकांची फक्त पट्टी उतरवा. पुस्तक, अंक, तिथी, इंग्रजी तारीख, वार, पाने, फाटलेला भाग आणि मुद्रकाची ओळ. त्यातून मधले कोणते अंक नाहीत ते कळेल. मग दर तीन महिन्यांचा एक अंक पूर्ण वाचा आणि त्यात वारंवार येणारे विषय पाहून पंधरावीस शीर्षके ठरवा, जसे पाणी, रस्ते, शाळा, साथ, यात्रा, बाजार, कोर्ट, नाटक. शीर्षके ठरल्यावरच सलग वाचन सुरू करा. एका चिठ्ठीवर एकच बातमी, खाली तारीख-पान-स्तंभ आणि मूळ शब्द तसेच. ‘महामारी’ लिहिले असेल तर तुमच्या मनाने ‘प्लेग’ करू नका. मुंबईत प्लेग १८९६ ला आला. त्याआधीच्या महामारी-जरीमरीचा अर्थ बहुधा पटकीकडे जातो. आज आपण लावलेला अर्थ चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने, वेगळा लिहावा.